घोरपड घरात शिरली तर

वसमत तालुक्यातल्या हट्ट्याच्या शिवारात दोन घोरपडी राहतात असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही. पहिली खरी आहे. ती धुऱ्यावरच्या बिळात, कॅनॉलच्या भरावात, जुन्या विहिरीच्या कपारीत राहते, दिवसा उन्हाला येते आणि माणसाची चाहूल लागताच नाहीशी होते. दुसरी माणसांच्या बोलण्यात राहते. तिची फुंकर लागली की अंग सुजते, तिच्या शेपटीचा फटका बसला की माणूस वाळत जातो, ती चावली की उतारा नाही, आणि तिचे तेल मात्र सांधेदुखीपासून दम्यापर्यंत सगळ्यावर चालते. या दुसऱ्या घोरपडीचा जगात कुठेही पत्ता नाही, तरी काठी उगारली जाते ती तिच्यामुळेच, आणि मरते ती पहिली. शेतात, आखाड्यावर किंवा घरात घोरपड आली तर काय करावे आणि काय करू नये, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. पण नुसत्या सूचना भीतीपुढे टिकत नाहीत. भीती कुठून आली हे कळले तरच हात थांबतो. म्हणून आधी मुद्दा मांडतो. ती काल्पनिक घोरपड शून्यातून उभी राहिलेली नाही. तिचा जवळजवळ प्रत्येक भयंकर गुण हा खऱ्या घोरपडीच्या एखाद्या खऱ्या सवयीवरून घेतलेला आहे, आणि ती सवय लोकांनी पाहिली ती बहुतेक वेळा प्राणी कोंडीत सापडलेला असताना. ज्याला आपण हल्ला समजतो ती तिची निसटण्याची धडपड असते. एवढे पटले की घरात काय करायचे याचे उत्तर आपोआप मिळते.

प्राण्याची ओळख थोडक्यात करून घेऊ. भारतात घोरपडीच्या चार जाती आहेत. वाळवंटी घोरपड, पिवळी घोरपड आणि पाणघोरपड या आपल्या भागातल्या नव्हेत. वसमत तालुक्यात, किंबहुना सगळ्या मराठवाड्यात दिसते ती एकच जात, व्हॅरॅनस बेंगालेन्सिस. नावात बंगाल असला तरी ती जवळपास साऱ्या देशात आढळते. पूर्ण वाढलेली मोठी घोरपड नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पावणेदोन मीटरपर्यंत भरू शकते, पण त्यातला निम्म्याहून जास्त भाग नुसती शेपटी असते. ज्या व्हॅरॅनस कुळात ती मोडते त्याच कुळात इंडोनेशियाच्या बेटांवरचा कोमोडो ड्रॅगन येतो. तीन मीटरपर्यंत वाढणाऱ्या त्या प्राण्याची शास्त्रीय नोंद १९१२ साली झाली आणि परीकथेतल्या ड्रॅगनचे नाव जगाने एका खऱ्या सरड्याला दिले. म्हणजे ड्रॅगनचा सख्खा चुलत नातेवाईक आपल्या उसाच्या फडात नांदतो आहे. या कुळाची खरी हकिगत कल्पनेपेक्षा अचाट आहे हेही सांगून टाकतो. इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात नराचा कधीही सहवास न लाभलेल्या कोमोडो मादीने २००६ साली अंडी घातली आणि नराशिवायच त्यांतल्या काहींत गर्भ वाढला. त्यांतून पिल्लेही जन्मली. ज्या प्राण्यांचा खरा स्वभाव असा आहे त्यांच्याभोवती खोट्या गोष्टी रचण्याची गरज नव्हती, असे मला मनापासून वाटते.

आता एकेक भीती घेऊ. घोरपड दिसली की सर्वांत आधी नजरेत भरते ती तिची जीभ. लांब, निळसर, टोकाला दुभागलेली, सारखी आत-बाहेर होणारी. सापासारखी जीभ म्हणजे सापासारखे विष, असा हिशेब मनात लगेच मांडला जातो. प्रत्यक्षात त्या जिभेचे काम वास घेण्याचे आहे. हवेतले आणि जमिनीवरचे सूक्ष्म कण ती जिभेवर गोळा करते आणि टाळूत असलेल्या एका खास इंद्रियाकडे पोचवते. दोन टोकांवर वास कमी-जास्त लागला की वासाचा उगम डावीकडे आहे की उजवीकडे हे तिला कळते. जीभ हलवणारी घोरपड आपला अंदाज घेत असते, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी भीती फुंकरीची. कोंडीत सापडलेली घोरपड अंग फुगवते, गळ्याखालची पिशवी ताणते आणि जोराचा फुत्कार सोडते. भांबावलेल्या माणसाला तो आवाज आणि ती फुगलेली मान पाहून आत विष साठले आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण गळ्याच्या त्या पिशवीत हवाच असते. सरडे धावताना अंग डाव्या-उजव्या बाजूला वळवतात आणि त्यामुळे त्यांना धावता धावता पुरेसा श्वास घेता येत नाही. घोरपडीच्या कुळाने यावर तोड काढली आहे. गळा भात्यासारखा चालवून ती हवा फुप्फुसात ढकलते. आफ्रिकेतल्या एका घोरपडीवर हे प्रयोगाने दाखवणारा अभ्यास १९९९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे गळा फुगतो तो पळण्यासाठी दम मिळावा म्हणून, आणि फुत्कार निघतो तो समोरच्याने मागे सरावे म्हणून. त्या फुंकरीने कुणाचे अंग सुजत नाही आणि कुणी नपुंसकही होत नाही.

शेपटीची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे अर्धे सत्य आहे. घोरपड शेपटीचा फटका खरोखर मारते आणि तो चांगला झणझणीत लागतो. लहान मुलाच्या उघड्या पोटरीवर वळ उठू शकतो, कुत्र्याच्या डोळ्याला इजा होऊ शकते. पण शेपटीत काटा नाही, विष नाही, आणि फटक्याचा परिणाम फटक्याएवढाच असतो. शिवाय शेपटी वापरायची वेळ येते ती आपण हातभर अंतरावर गेल्यावर. तिच्या शेपटीच्या टप्प्याबाहेर, म्हणजे तीन-चार पावले लांब उभे राहणाऱ्या माणसाला या फटक्याची भीती बाळगायचे कारण नाही. त्याहून जास्त घबराट उडवणारे दृश्य पावसाळ्याच्या तोंडाला दिसते. दोन घोरपडी मागच्या पायांवर ताठ उभ्या राहतात, पुढच्या पायांनी एकमेकींना कवटाळतात आणि झोंबतात. पाहणारे कधी त्याला मीलन समजतात, कधी अघटित काहीतरी घडते आहे असे समजून गाव गोळा करतात. त्या दोघी नसून दोघे असतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्यांचा विणीचा हंगाम असतो, आणि मादीसाठी नर असे कुस्तीला उभे ठाकतात. एकाने दुसऱ्याला आडवे पाडले की सामना संपतो आणि हरलेला निघून जातो. माणसाशी या कुस्तीचा काहीही संबंध नाही. ती लांबून पाहावी. मोबाइलवर चित्रण करायला जवळ जाऊ नये, कारण सामन्याच्या भरात बिथरलेला नर आपल्याच पायांच्या दिशेने पळत सुटू शकतो, आणि मग ‘अंगावर धावून आली’ अशी नवी गोष्ट जन्माला येते.

घोरपडीची चिकाटी हा तर मराठी मनाचा अभिमानाचा विषय. ४ फेब्रुवारी १६७० च्या सिंहगडच्या लढाईत यशवंती घोरपडीला दोर बांधून तानाजी मालुसरे कडा चढले, ही गोष्ट पोवाड्यातून घराघरांत पोचली. घोरपडे घराण्याच्या नावामागेही अशाच गडावर चढलेल्या घोरपडीची कथा सांगतात. इतिहासकार यशवंतीला दंतकथा मानतात, आणि प्राण्याच्या अंगानेही पाहिले तर काही किलो वजनाच्या घोरपडीने सांगितल्या जागी जाऊन माणसाचा भार पेलावा हे पटणारे नाही. पण या कथेच्या तळाशी असलेले निरीक्षण मात्र अचूक आहे. घोरपड कपारीत शिरली की नख्या रोवते आणि अंग फुगवून स्वतःला दगडात घट्ट रुतवून घेते. मग तिला ओढून काढणे फार कठीण. आपल्या कामाची माहिती नेमकी ही आहे. कपाटामागे, धान्याच्या कोठीखाली किंवा भिंतीच्या भेगेत शिरलेल्या घोरपडीची शेपटी धरून ओढणारा माणूस तिला बाहेर आणत नाही, तो तिला अधिक घट्ट बसवतो. ओढताना तिचे अंग सोलते, नख्या तुटतात, आणि ती सुटली की पहिला चावा त्याच हाताला बसतो. जीभ, फुत्कार, शेपटी, रुतणे, या सगळ्यांतून एकच गोष्ट दिसते. या प्राण्याकडे पळण्याचे आणि लपण्याचे उपाय भरपूर आहेत, आणि चावणे हा त्यांतला अगदी शेवटचा उपाय आहे. त्या शेवटच्या उपायापर्यंत तिला आपणच नेतो.

म्हणून घरात घोरपड शिरली की पहिले काम तिच्याकडे धावण्याचे नसून लोकांना बाहेर काढण्याचे आहे. लेकरे, कुत्री, कोंबड्या दूर न्याव्यात. ज्या खोलीत ती आहे तिची बाहेरच्या अंगणाकडे किंवा शेताकडे उघडणारी दारे सताड उघडी करावीत आणि घराच्या आतल्या बाजूची लावून घ्यावीत. दाराखाली फट असेल तर पोते कोंबावे. उघड्या दारासमोर कुणीही उभे राहू नये. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. पाहायला आलेली गर्दी नेमकी दारातच जमते आणि मग घोरपडीला माणसांच्या पायांतून जाण्यापलीकडे वाट उरत नाही. ती वर आढ्यावर चढली असेल तर काठीने ढोसू नये. घाबरून ती अधिक वर आणि अधिक अंधारात जाईल. ती दिवसा वावरणारी, उन्हावर अंग तापवणारी आहे. त्यामुळे दिवसाची वेळ असेल तर तासा-दोन तासांत ती स्वतःहून उजेडाकडे आणि उन्हाकडे सरकण्याची शक्यता बरीच असते. संध्याकाळ झाली असेल तर मात्र ती अंग गोठल्यासारखी एका जागी बसून राहील. रात्री तिला हुसकावण्याचा हट्ट धरू नये, खोली बंद ठेवून सकाळची वाट पाहावी. कडाक्याच्या थंडीत हे जास्तच लागू. त्या दिवसांत तिची हालचाल मंदावलेली असते आणि ती मेली आहे असे समजून लोक तिला उचलायला जातात. सकाळ होऊनही ती जात नसेल, जखमी असेल किंवा अडचणीत अडकली असेल, तर वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. गावात प्रशिक्षित सर्पमित्र असेल तर त्याला बोलवावे, पण तोही वनविभागाला कळवूनच हे काम करतो ना, याची खात्री करून घ्यावी. हौसेखातर घोरपड गळ्यात घालून फोटो काढणाऱ्याला बोलवू नये.

विहीर आणि शेततळे यांचा विचार मात्र स्वतंत्र करावा लागतो, कारण तिथे घोरपडीला वाट देणे एवढे पुरत नाही, वाट तयार करून द्यावी लागते. दगडी बांधकामाच्या विहिरीतून घोरपड नख्यांच्या जोरावर चढून येते. सिमेंटच्या गुळगुळीत कड्यांच्या विहिरीतून तिला ते जमत नाही, आणि प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यातून तर मुळीच नाही. पाण्याच्या ओढीने उतरलेला प्राणी अस्तरावर घसरत राहतो, दमतो आणि बुडतो. घोरपड चांगली पोहते, पण पोहण्यालाही शेवट असतो. शेततळ्याच्या दोन कोपऱ्यांत काठावरच्या खुंटाला बांधलेला जाड काथ्याचा दोर किंवा मासेमारीचे जुने, जाडसर जाळे घट्ट ताणून पाण्यापर्यंत सोडून ठेवले, तर घोरपडच काय, मुंगूस, खार, बेडूक, मांजराचे पिल्लू आणि वेळ आली तर माणूसही त्याला धरून वर येऊ शकतो. जाळे सैल सोडू नये, त्यात प्राणी गुरफटतात. विहिरीत पडलेल्या घोरपडीसाठी सालीसकट एखादी लांब, खडबडीत फांदी तिरकी सोडावी आणि तिथून निघून जावे. पाहणारे काठावर असतील तर ती चढणार नाही.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो चाव्याचा. चावली तर? विष नाही असे छातीठोकपणे सांगता येईल का? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. घोरपडीच्या कुळातल्या प्राण्यांच्या जबड्यात काही विशेष ग्रंथी असतात आणि कोमोडो ड्रॅगनच्या बाबतीत त्यांतल्या स्रावावर बरेच संशोधन झाले आहे. आपल्या घोरपडीबद्दल बोलायचे तर २०१४ साली हिमाचल प्रदेशातल्या डॉक्टरांनी, घोरपडीच्या चाव्यानंतर मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाल्याचा एक रुग्ण नोंदवला. त्यावर विषतज्ज्ञांनी शंका घेतली. लक्षणे घोणससारख्या विषारी सापाच्या दंशाशी जुळतात आणि चावणारा प्राणी ओळखण्यात चूक झालेली असू शकते, असा त्यांचा युक्तिवाद होता. मला तो युक्तिवाद सबळ वाटतो, कारण देशभर घोरपड पकडणारे, विकणारे, हाताळणारे पिढ्यान्‌पिढ्या चावे खात आले आहेत, आणि घोरपड घोणशीइतकी जीवघेणी असती तर ते लपून राहिले नसते. पण व्यवहारात या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहायची गरज नाही. दोन नियम पुरे आहेत. घोरपडच चावली हे डोळ्यांनी पाहिले असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने दहा-पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिचे दात मागे वळलेले आणि तोंडात सडक्या मांसाचे जंतू असू शकतात, म्हणून धनुर्वाताचे इंजेक्शन आणि जखमेवरचे उपचार लागतात. तिने हात धरून ठेवला असेल तर झटका देऊन ओढू नये, जखम फाटते. तिचे पाय जमिनीला टेकू द्यावेत, निसटायला जागा दिसली की ती सोडते. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. काय चावले हे पाहिले नसेल, किंवा पाहणाऱ्याची खात्री नसेल, तर तो सर्पदंशच समजावा आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. ‘घोरपडच होती, उतरेल’ असे म्हणून घरी बसणे आणि ‘घोरपड होती, आता उपाय नाही’ असे म्हणून मांत्रिकाकडे नेणे, दोन्हींत जीव जातो. काल्पनिक घोरपडीचा खरा धोका इथे आहे. उसात, हळदीत, सोयाबीनच्या गंजीत घोणस असतेच.

दुसरा आक्षेप कोंबड्यांचा, आणि तो ज्याच्या घरी नुकसान झाले त्याने केलेला असतो म्हणून आदराने ऐकला पाहिजे. घोरपड अंडी खाते, पिल्ले खाते. हे खोटे नाही. पण आरोप ठेवण्याआधी वेळ पाहावी. ती दिवसाची शिकारी आहे आणि सूर्य मावळताना बिळात जाते. रात्री खुराड्यातून कोंबडी गेली असेल तर चोर दुसरा आहे, बहुतेक रानमांजर किंवा मसन्याउद. दिवसा अंडी जात असतील तर मुंगूसही तितकाच संशयित. आणि चोर कोणताही असला तरी उपाय एकच आहे, बारीक छिद्राची लोखंडी जाळी, तिची कड वीतभर जमिनीत पुरलेली, आणि अंडी रोज सकाळी उचलण्याची सवय. घोरपड उकरण्यात पटाईत आहे, म्हणून जाळी नुसती जमिनीवर टेकवून भागत नाही. एक घोरपड मारून प्रश्न सुटत नाही, कारण मोकळी झालेली जागा दुसरा कुणीतरी घेतो आणि खुराडे तसेच उघडे राहते. या नुकसानीसमोर तिचे दुसरे खाणे ठेवून पाहावे. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर ऑफेनबर्ग यांनी आधी कोमोडोचा आणि मग आपल्या घोरपडीचा प्रदीर्घ अभ्यास केला. त्यांचे ‘द बेंगाल मॉनिटर’ हे पुस्तक १९९४ साली आले. त्यातून उभे राहणारे चित्र मोठ्या शिकारीमागे धावणाऱ्या ड्रॅगनचे नाही, तर दिवसभर पालापाचोळा, शेण आणि माती हुंगत फिरणाऱ्या किडेखाऊ प्राण्याचे आहे. भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या, नाकतोडे, विंचू, गोगलगायी, खेकडे, उंदीर, सापांची अंडी, मेलेली जनावरे असा तिचा आहार. वसमत पट्ट्यातल्या ऊस आणि हळद उत्पादकाला ‘भुंगेऱ्यांच्या अळ्या’ या शब्दांचा अर्थ वेगळा सांगायला नको. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची अळीच. घोरपडीमुळे हुमणीचा बंदोबस्त होईल असे मी म्हणणार नाही. हुमणीचा प्रादुर्भाव झाला की पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे सामूहिकपणे गोळा करण्यापासून सगळे उपाय करावेच लागतात. पण जो प्राणी फुकटात आपल्या बाजूने काम करतो त्याला मारून औषध विकत आणण्यात कसला फायदा?

तिसरा आक्षेप फारसा बोलून दाखवला जात नाही, पण घोरपडीच्या मरणाचे ते मोठे कारण आहे. तेल, मांस आणि ताईत. घोरपडीच्या तेलाने गुडघे बरे होतात किंवा मांसाने ताकद येते याला वैद्यकीय आधार नाही. चोळण्याने बरे वाटते ते चोळण्यामुळे, आणि तिळाचे तेलही तेच काम करते. तंत्रमंत्राच्या दुकानांत आणि ऑनलाइनही ‘हातजोडी’ नावाची एक वस्तू दुर्मीळ वनस्पतीचे मूळ म्हणून विकली जात असे, लक्ष्मी घरात टिकावी म्हणून तिजोरीत ठेवायला. २०१७ साली प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि ते मूळ नसून नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असल्याचे उघड झाले. श्रद्धेने ते देव्हाऱ्यात ठेवणाऱ्या किती घरांना आपण काय पुजतो आहोत हे माहीत असेल? अशी वस्तू पुन्हा विकत घेऊ नये, आणि कुणी विकताना दिसला तर वनविभागाला कळवावे. परंपरा बदलता येते याचे चांगले उदाहरण गोव्यात आहे. तिथल्या घुमट वाद्याला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. कायद्याने त्यावर बंदी आली, वादक बकऱ्याच्या कातड्याकडे वळले, आणि २०१९ साली याच घुमटाला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. वाद्य जगले आणि प्राणीही.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपड आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच तिला. तिला मारणे, पकडणे, पाळणे, तिचे मांस, तेल किंवा कातडे बाळगणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन ते सात वर्षे कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. ‘आमच्याकडे कुठे जंगल आहे’ असे म्हणून सुटका होत नाही. कायदा प्राण्याला संरक्षण देतो, मग तो अभयारण्यात असो की सातबाऱ्यावरच्या शेतात. मारलेल्या घोरपडीचा फोटो मोबाइलवर फिरवणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा वाटणे होय, हे तरुणांना घरातल्या मोठ्यांनी समजावून सांगावे. पण शिक्षेच्या धाकाने मारणे फार तर लपून होऊ लागते. ते थांबते तेव्हा, जेव्हा माणसाला प्राण्याचा स्वभाव कळतो.

राहता राहिले शेतीचे वेळापत्रक. मादी पावसाळ्याच्या उत्तरार्धात अंडी घालते, वीस-पंचवीसच्या आसपास, बहुधा वारुळात किंवा भुसभुशीत जमिनीत उकरलेल्या खड्ड्यात. खऱ्या घरट्याजवळ ती कधी कधी खोटे खड्डेही उकरून ठेवते, म्हणजे अंडी शोधणाऱ्याची फसगत व्हावी. अंडी उबायला सहा ते आठ-नऊ महिने लागतात. म्हणजे ऊसतोडीपासून हळद काढणीपर्यंतचा आपला सगळा धामधुमीचा काळ ती अंडी मातीखाली असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत धुरे सपाट करायला जेसीबी लागतो आणि पाचट पेटते. जुने वारूळ पिकाच्या आड येत नसेल तर ते राहू द्यावे. धुरा सपाट करायचाच असेल तर वारुळाचा तुकडा तेवढा सोडावा. पाचट जाळण्याऐवजी खोडव्यात आच्छादन म्हणून पसरले तर ओल टिकते, जमिनीत सेंद्रिय भर पडते आणि खाली लपलेले प्राणी होरपळत नाहीत. पेटवण्यावाचून गत्यंतर नसेल तर चारही बाजूंनी एकदम पेटवू नये, एक बाजू मोकळी ठेवावी. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पहिल्या पावसाच्या सुमाराला पिल्ले बाहेर पडतात. ती मोठ्या घोरपडीसारखी मातकट नसतात. अंगावर पिवळसर ठिपक्यांचे पट्टे असलेली, चपळ, बोटाएवढ्या जाडीची ही पिल्ले पाहून अनेकांना ती एखादी वेगळी, जास्त विषारी जात वाटते. तशी वेगळी जात नाही. पिल्लू अंगणात दिसले तर त्याच्यावर टोपली टाकू नये आणि हात लावू नये. कुंपणाकडे जाणारी वाट मोकळी ठेवावी, मांजराला घरात घ्यावे, आणि मुलांना ते तीन-चार पावलांवरून पाहू द्यावे.